प्रस्तावना : अठरा सेकंडरींचा ट्रान्सफॉर्मर

६.६ केव्हीच्या मोटरसाठी बनवलेल्या एचटी ड्राइव्हची पॅनेले लांबून पाहिली, तर सगळी सारखीच दिसतात. फरक कळतो तो दारे उघडल्यावर. एका बाजूला ओळीने बसवलेले पॉवर सेल, फायबरच्या बारीक केबली, कंट्रोलची कार्डे. दुसऱ्या बाजूला जवळजवळ तितकीच जागा व्यापून बसलेला कोरडा ट्रान्सफॉर्मर. रांगेचे बरेचसे वजन त्याचेच. गाभ्याच्या तीन उभ्या खांबांवर, म्हणजे लिंबांवर, एकावर एक रचलेल्या कॉइल आणि त्यांतून सेलकडे निघालेली चोपन्न टोके: एक प्रायमरी, अठरा सेकंडरी, प्रत्येक सेकंडरीची तीन टोके.

ड्राइव्ह खरेदी करताना चर्चा होते ती सेलची, आयजीबीटीची, सॉफ्टवेअरची आणि सर्व्हिसची. ट्रान्सफॉर्मर हा 'ड्राइव्हबरोबर येतो' या सदरात मोडतो. टेंडरच्या कागदात त्याच्या वाट्याला केव्हीए, इन्सुलेशनचा वर्ग, तापमानवाढ आणि पंख्यांची संख्या एवढेच येते. या पुस्तकात त्याच ट्रान्सफॉर्मरचा विचार केला आहे. मोठ्या मोटरचा ड्राइव्ह जाळ्यात किती हार्मोनिक सोडणार, हे सेल जोडले जाण्याच्या कितीतरी आधी वाइंडिंग शॉपमध्ये, तांब्याच्या पट्टीला किती वेढे दिले आणि कुठल्या लिंबवर दिले यावर ठरून गेलेले असते. ज्यांच्या हातून ते ठरते आणि ज्यांना त्याचे परिणाम वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात, अशा दोघांनाही मराठीत हा विषय सलग वाचायला मिळावा, म्हणून हे लिहिले.

मोटरचा वेग कमी-जास्त का करायचा, हे आता फारसे कुणाला पटवावे लागत नाही. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला, की शक्ती ५१ टक्क्यांवर येते. सिमेंटच्या किल्नचा आयडी फॅन असो की औष्णिक केंद्राच्या बॉयलरचा, डॅम्पर अर्धवट मिटून तो पूर्ण वेगाने फिरवत ठेवणे म्हणजे वीज घालून हवा अडवणे. एक खुलासा मात्र इथेच केला पाहिजे. घनाचा हा नियम पंख्यांना चपखल बसतो, उपसा सिंचनाच्या पंपांना तो जसाच्या तसा लावू नये. टेंभू किंवा म्हैसाळसारख्या योजनेत पंपाचे मुख्य काम पाणी उंचावर चढवण्याचे असते आणि ती उंची वेग कमी केल्याने कमी होत नाही. ड्राइव्हच्या बचतीची कोष्टके मांडताना हा फरक पुष्कळदा गाळला जातो.

आता मुख्य गोष्टीकडे. ड्राइव्ह आधी एसीचे डीसी करतो आणि त्या डीसीतून हव्या त्या वारंवारतेचे एसी घडवतो. जाळ्याकडच्या बाजूला बहुधा सहा डायोडचा साधा, म्हणजे सहा पल्सचा, ब्रिज असतो. ज्या दोन फेजमधला दाब त्या क्षणी सर्वांत जास्त, त्यांच्यातूनच प्रवाह वाहतो; तिसरी फेज रिकामी राहते. म्हणून प्रत्येक फेजमध्ये अर्ध्या आवर्तनातले १२० अंश प्रवाह असतो आणि ६० अंश नसतो. फ्रेंच गणिती फुरिए याने उष्णतेवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात मांडलेल्या पद्धतीने हा चौकोनी प्रवाह उकलला, की ५० हर्ट्झच्या मूळ लाटेबरोबर पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा, सतरावा, एकोणिसावा असे हार्मोनिक निघतात. सहाच्या पटीपेक्षा एक कमी आणि एक जास्त, असा त्यांचा क्रम. आकारही ठरलेला: पाचवा मूळ प्रवाहाच्या २० टक्के, सातवा १४.३, अकरावा ९.१, तेरावा ७.७. सगळ्यांचा एकत्रित हिशेब ३१ टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्षात मार्गातल्या रिअॅक्टन्समुळे वरचे हार्मोनिक याहून कमी भरतात. उलट चोक न बसवलेल्या छोट्या ड्राइव्हमध्ये पाचवा एकटाच साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत चढलेला मीटरवर दिसतो.

या उतरत्या आकड्यांनी भले भले फसतात. अकरावा नऊच टक्के, मग त्याचे एवढे काय, असे वाटते. पण वाइंडिंगमधला एडी करंटचा तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो तसा वारंवारतेच्याही वर्गाने वाढतो. पाचव्याचा प्रवाह एक पंचमांश, त्याचा वर्ग १/२५. वारंवारता पाचपट, तिचा वर्ग २५. गुणाकार बरोबर एक. सातव्याचाही एक, अकराव्याचाही एक. म्हणजे आदर्श चौकोनी प्रवाहातला प्रत्येक हार्मोनिक, तो पाचवा असो की पंचविसावा, मूळ प्रवाहाइतकाच एडी तोटा ट्रान्सफॉर्मरवर लादतो. पंचविसाव्यापर्यंत असे आठ हार्मोनिक मोजले, तर हा तोटा नऊपट होतो. एरवी एडी तोटा हा एकूण तोट्याचा लहान भाग असतो. नऊपट झाला की तो लहान राहत नाही, आणि नेहमीच्या कामासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर पाटीवरच्या केव्हीएच्या बऱ्याच आत असूनही तापतो.

दाबाच्या बाबतीतही हाच हिशेब लागतो, आणि तो आपल्याकडच्या साखर कारखान्यांत फार जवळून पाहता येतो. गाळपाच्या मिलला पूर्वी वाफेची टर्बाइन असायची. पुढे डीसी मोटर आणि थायरिस्टर ड्राइव्ह आले, त्यानंतर एसी ड्राइव्ह. त्याच सुमारास सहवीज प्रकल्प उभे राहिले. हंगामात कारखाना स्वतःच्या टर्बो-अल्टरनेटरवर चालतो आणि काही कारणाने जाळ्यापासून तुटला, तर त्या एकाच यंत्राच्या आधारावर उभा असतो. अल्टरनेटरचा सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स १५ टक्के धरू आणि सहा पल्सच्या ड्राइव्हचा भार त्याच्या क्षमतेच्या ३० टक्के. पाचव्याचा प्रवाह ३० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ६ टक्के. पाचव्या वारंवारतेला रिअॅक्टन्स पाचपट, ७५ टक्के. गुणाकार ४.५ टक्के. सातव्याचा प्रवाह त्याच प्रमाणात कमी आणि रिअॅक्टन्स त्याच प्रमाणात जास्त, म्हणून तोही ४.५ टक्केच. अकरावा आणि तेरावाही तेवढेच. चौघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ९ टक्के. कारखान्यातल्या प्रत्येक पंपाला, प्रत्येक पीएलसीला असा बिघडलेला दाब मिळतो. पाचवा हार्मोनिक मोटरमध्ये उलट्या दिशेने फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्यातून काम काही होत नाही, रोटर मात्र तापतो.

यात भर घालते ती कपॅसिटर बँक. महाराष्ट्रातल्या एचटी ग्राहकांनी पॉवर फॅक्टरच्या सवलतीसाठी आणि दंड टाळण्यासाठी वर्षानुवर्षे कपॅसिटर बसवले. एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येऊ लागले, तेव्हा त्यांचे महत्त्व आणखी वाढले. पण कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचा रिअॅक्टन्स यांची एक स्वतःची वारंवारता असते. ती काढायला मोठे गणित लागत नाही: बसबारच्या शॉर्ट सर्किट क्षमतेला कपॅसिटरच्या केव्हीएआरने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. ५० एमव्हीए क्षमतेच्या बसबारवर २ एमव्हीएआर कपॅसिटर असला तर उत्तर येते पाच. म्हणजे नेमका पाचवा हार्मोनिक तिथे घुमतो, फुगतो. फ्यूज जातात, डबे फुगतात, आणि दोष 'हलक्या मालाला' दिला जातो. एका कारखान्यात कपॅसिटर दर हंगामात बदलले जात होते. शेजारी बसलेल्या नव्या ड्राइव्हकडे कुणी बोट दाखवले नाही, कारण ड्राइव्ह उत्तम चालत होता. हार्मोनिक सोडणारे यंत्र स्वतः सुखात असते. भोगतात शेजारी.

यावर नियम आहेत. अमेरिकेतली आयईईई-५१९ ही शिफारस १९८१ मध्ये प्रथम आली आणि १९९२, २०१४ व २०२२ मध्ये सुधारली गेली. आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००७ च्या ग्रिड-जोडणीच्या नियमावलीत मोठ्या ग्राहकांसाठी जोडणीच्या ठिकाणी दाबाचे एकूण हार्मोनिक ५ टक्के, एकेका हार्मोनिकचे ३ टक्के आणि प्रवाहाचे ८ टक्के अशा मर्यादा घातल्या. सहा पल्सच्या ३१ टक्क्यांवरून ८ वर कसे यायचे, हा पुढचा प्रश्न.

सहसा सुचणारा मार्ग फिल्टरचा: कपॅसिटर आणि चोक पाचव्या हार्मोनिकला जुळवून बसवायचे, म्हणजे तो प्रवाह जाळ्यात न जाता फिल्टरमध्ये जाईल. हा मार्ग चालतो, पण त्याच्या पाठीमागे कायमची राखणदारी लागते. कपॅसिटर म्हातारा होतो, जुळणी सरकते, जाळ्यातली परिस्थिती बदलते, शेजाऱ्याचा पाचवा हार्मोनिकही याच फिल्टरमध्ये येऊन पडतो. बहु-वाइंडिंग ट्रान्सफॉर्मरचा विचार निराळा आहे. हार्मोनिक जन्मल्यावर त्याला पकडत बसण्यापेक्षा दोन ठिकाणी असे जन्माला घालायचे, की प्रायमरीत एकत्र येताच एकाने दुसऱ्याला खोडावे. मला या सबंध विषयात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ती हीच, आणि ती समजून घ्यायला थोडा वेळ दिला पाहिजे.

ट्रान्सफॉर्मरला एक स्टार आणि एक डेल्टा अशा दोन सेकंडरी द्या. दोन्हींचा लाइन दाब सारखा, पण एकमेकींपासून ३० अंश सरकलेला. प्रत्येकीवर एक ब्रिज, दोघांवर सारखा भार. सरकलेल्या सेकंडरीचा सगळा प्रवाह वेळेत ३० अंश मागे पडतो. पाचव्या हार्मोनिकची वारंवारता पाचपट, म्हणून तेवढ्याच वेळात त्याचा कोन पडतो १५० अंश, सातव्याचा २१०. हा प्रवाह प्रायमरीत उतरताना ट्रान्सफॉर्मर त्याला पुन्हा ३० अंश वळवतो. मूळ लाटेचा सरक त्यामुळे पुसला जातो, तीस उणे तीस शून्य, आणि दोन्ही ब्रिजची कामाची लाट हातात हात घालून एकत्र येते. सातवा मूळ लाटेच्याच क्रमाने फिरतो, त्याचे २१० उणे ३०, म्हणजे १८०. पाचवा उलट क्रमाने फिरतो, म्हणून त्याच्या बाबतीत वजाबाकीची बेरीज होते: १५० अधिक ३०, पुन्हा १८०. दोन्ही वाटांनी उत्तर १८० आले. एका ब्रिजचा पाचवा आणि सातवा दुसऱ्या ब्रिजच्या पाचव्या आणि सातव्याच्या अगदी विरुद्ध उभे राहतात आणि संपतात. अकराव्याचा आणि तेराव्याचा हिशेब केला तर ३६० येतात, म्हणून ते शिल्लक राहतात.

हे बारा पल्स. तीन सेकंडरी २०-२० अंशांनी सरकवल्या की अठरा पल्स. तिथे अकरावा-तेरावाही जातो आणि पहिला शिल्लक हार्मोनिक सतरावा. चार सेकंडरी १५ अंशांनी, चोवीस पल्स. ६० ला ब्रिजच्या संख्येने भागा, सरकवायचा कोन मिळतो. आदर्श हिशेबाने प्रवाहाचा बिघाड सहा पल्सला ३१, बाराला १५, अठराला १०, चोवीसला साडेसात टक्के. मार्गातला रिअॅक्टन्स वरच्या हार्मोनिकना दाबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे याहून चांगले येतात.

कल्पना ड्राइव्हपेक्षा पुष्कळ जुनी आहे. पाऱ्याच्या आर्क रेक्टिफायरच्या काळापासून, रेल्वेच्या सबस्टेशनांत आणि विद्युत-रासायनिक कारखान्यांत, ट्रान्सफॉर्मरचे फेज वाढवून रेक्टिफायर सौम्य करण्याची रीत होती. अॅल्युमिनियम स्मेल्टरमध्ये आजही अनेक रेक्टिफायर-ट्रान्सफॉर्मर थोड्या थोड्या कोनांनी सरकवून सगळ्या पॉटलाइनची मिळून पल्ससंख्या ४८ किंवा त्याहूनही वर नेतात. महाराष्ट्रात याच तत्त्वाचे सर्वांत मोठे रूप चंद्रपूर ते पडघे या एचव्हीडीसी वाहिनीच्या दोन टोकांना उभे आहे. ७५२ किलोमीटर, अधिक-उणे ५०० केव्ही, १५०० मेगावॅट. १९९९ पासून विदर्भातली वीज मुंबईच्या दाराशी आणणारी ही वाहिनी बारा पल्सच्या कन्व्हर्टरवर चालते. तिथल्या कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरचे अर्धे वाइंडिंग स्टारमध्ये आणि अर्धे डेल्टामध्ये आहे ते याच ३० अंशांसाठी.

मोटरच्या ड्राइव्हला या कल्पनेचे पूर्ण रूप मिळाले ते १९९० च्या दशकात, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू केन्सिंग्टन गावी. रोबिकॉन या कंपनीतल्या पीटर हॅमंड यांनी १९९४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९९७ मध्ये मिळाले. त्याच वर्षी त्यांचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. पुढे २००५ मध्ये सीमेन्सने ही कंपनी घेतली. हॅमंड यांच्या समोरची अडचण अशी होती, की हजारो व्होल्टच्या मोटरला लागणारा दाब पेलणारे स्विच महाग आणि थोडे. कमी दाबाचे मात्र मुबलक. त्यांनी कमी दाबाचे लहान सेल एकापुढे एक जोडले. सहा सेलची एक फेज. प्रत्येक सेल सुमारे ६३५ व्होल्टचा. सहा सेल मिळून ३८१० व्होल्ट फेजला, म्हणजे ६.६ केव्ही लाइनला. पण सेल एकापुढे एक जोडायचे तर प्रत्येकाचा पुरवठा एकमेकांपासून पूर्ण वेगळा हवा. अठरा सेल, म्हणून अठरा सेकंडरी. आणि अठरा सेकंडरी करायच्याच आहेत, तर त्या सगळ्या एकाच कोनावर का ठेवायच्या? सहा दर्जे, दहा दहा अंशांचे अंतर: उणे २५, उणे १५, उणे ५, अधिक ५, अधिक १५, अधिक २५. छत्तीस पल्स. पहिला शिल्लक हार्मोनिक पस्तिसावा. जी गोष्ट दाबासाठी करणे भाग होते, तिच्यातूनच जाळ्याकडची बाजूही स्वच्छ झाली, तीही अशा साध्या डायोड ब्रिजवर, ज्याला कंट्रोलच लागत नाही. मोटरकडेही फेजमागे तेरा पायऱ्यांची, साइनच्या जवळ जाणारी लाट पोचते, त्यामुळे जुनी मोटर न बदलता तिला ड्राइव्ह जोडता येतो. एका अडचणीच्या उत्तरात दुसरीचे उत्तर सापडावे, असे अभियांत्रिकीत क्वचित घडते. हॅमंड यांचे काम त्यांतले आहे आणि त्याचे कौतुक मोकळेपणाने केले पाहिजे.

इथवरचे सगळे कागदावरचे. वाइंडिंग शॉपमध्ये पाऊल टाकले की पहिली अडचण वेढ्यांची. स्टार आणि डेल्टाचा लाइन दाब सारखा यायचा तर डेल्टाचे वेढे स्टारच्या वेढ्यांच्या वर्गमूळ तीन पट, १.७३२०५ पट हवेत. वेढे पूर्णांकातच पडतात. जाड पट्टीच्या कमी दाबाच्या कॉइलला वेढे थोडे असतात आणि थोड्या वेढ्यांत हे गुणोत्तर साधत नाही. स्टारला ४ आणि डेल्टाला ७ वेढे दिले तर गुणोत्तर १.७५, चूक एक टक्क्याहून किंचित जास्त. ११ आणि १९ दिले तर चूक पाव टक्क्याच्या आसपास. १५ आणि २६ दिले की ती ०.०७ टक्क्यावर येते. यांतल्या ४–७ आणि १५–२६ या जोड्या आपल्या गणितात फार जुन्या. ज्या वर्गाला तीनने गुणून एक मिळवले असता पुन्हा वर्गच येतो, अशा त्या जोड्या: १६ त्रिक ४८ अधिक १ म्हणजे ४९, २२५ त्रिक ६७५ अधिक १ म्हणजे ६७६. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्तात वर्गप्रकृतीच्या नावाखाली एका जोडीतून पुढची जोडी काढण्याची रीत दिली; भास्कराचार्यांनी बीजगणितात ती पुढे नेली. आजच्या वाइंडिंग डिझायनरला लागणारे आकडे त्या रीतीतून एकामागून एक बाहेर पडतात.

एक टक्का चुकीने काय बिघडते? दोन ब्रिज डीसी बाजूला समांतर जोडलेले असतील तर बरेच काही. ज्या सेकंडरीचा दाब जरासा वर, ती भाराचा मोठा वाटा ओढते. प्रवाहातली तफावत दाबातल्या तफावतीच्या कितीतरी पट होते. आणि दोन ब्रिजचे प्रवाह सारखे नसले, तर पाचव्यातून पाचवा पूर्ण वजा होणार कसा? ब्रिज एकापुढे एक जोडले तर दोघांना एकच प्रवाह घ्यावा लागतो, म्हणून तिथे ही चूक सोसवते. हॅमंड यांच्या रचनेत प्रत्येक ब्रिजला आपापला सेल असतो आणि सेलकडून किती शक्ती घ्यायची हे मोटरकडची बाजू ठरवते, त्यामुळे तीही वेढ्यांची बारीक चूक सहन करते.

कोन सरकवण्याची रीत सांगितली पाहिजे, कारण दुरुस्तीत नेमकी तिथेच चूक होते. १५ अंश सरकवायचे, तर एका फेजची मुख्य कॉइल तिच्या लिंबवर आणि तिला जोडलेली लहान कॉइल शेजारच्या लिंबवर, उलट दिशेने. झिगझॅग पद्धतीत मुख्य कॉइल हव्या त्या दाबाच्या ०.८१६ पट आणि जोडकॉइल ०.२९९ पट. बेरीज १.११५; म्हणजे साध्या स्टारपेक्षा साडेअकरा टक्के जास्त वेढे, तेवढे तांबे, तेवढी जागा. कोनाची किंमत तांब्यात मोजावी लागते ती अशी. एक्स्टेंडेड डेल्टामध्ये आकडे बदलतात, तत्त्व तेच.

अठरांपैकी एक सेकंडरी जळली आणि ती बाहेर भरून घेतली, असे समजा. भरणाऱ्याने वेढे मोजून घातले, पट्टी तीच वापरली, इन्सुलेशन चोख केले. फक्त जोडकॉइल एका शेजारच्या लिंबऐवजी दुसऱ्या शेजारच्या लिंबवरून घेतली. लाइन दाब मोजला तर बरोबर. मेगर बरोबर. ड्राइव्ह चालू होतो, मोटर फिरते, कुठलाही अलार्म येत नाही. पण अधिक १५ ची सेकंडरी उणे १५ ची झालेली असते. पाचव्याची जी पूर्ण वजाबाकी व्हायची, तिच्यात खोट येते आणि सहा पल्सच्या पाचव्याचा नववा हिस्सा जाळ्यात परत येतो, सातव्याचाही तेवढाच. आदर्श आकड्यांत पाचवा शून्यावरून २.२ टक्क्यांवर. ही चूक व्होल्टमीटरला दिसत नाही. ती प्रायमरी आणि सेकंडरीमधला कोन मोजला तरच दिसते. म्हणून या पुस्तकातले दुरुस्तीचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे आणि ते मी लांबच ठेवले.

गळती रिअॅक्टन्सबद्दलही असेच. लिंबवर एकावर एक कॉइल रचल्या, की टोकाच्या आणि मधल्या कॉइलच्या भोवतीची चुंबकीय गळती सारखी राहत नाही. प्रायमरी तुकड्यांत विभागून, प्रत्येक तुकडा आपापल्या सेकंडरीसमोर आणून हा फरक कमी करतात. वरच्या सेलला जोडलेली सेकंडरी स्वतः ६३५ व्होल्टची असली, तरी जमिनीपासून ती मोटरच्या पूर्ण फेज-दाबावर तरंगत असते. तिचे इन्सुलेशन त्या हिशेबाने धरावे लागते. पाटीवरचा ६३५ चा आकडा पाहून कमी दाबाचे इन्सुलेशन घालणारे आहेत. इथे कुणाच्या जिवाशी गाठ आहे, एवढेच सांगतो.

या पद्धतीची उणी बाजू झाकण्याचे कारण नाही. ट्रान्सफॉर्मर जड असतो, जागा खातो. त्याच्या तोट्याची उष्णता ड्राइव्हच्याच खोलीत पडते आणि ती काढायला एसी किंवा डक्ट लागतो. चालू करताना इनरश प्रवाहाचा झटका बसतो. डायोडचा ब्रिज वीज परत जाळ्यात पाठवू शकत नाही, म्हणून खाणीचे वाइंडर किंवा वारंवार ब्रेक लावणारे यंत्र यांना ही रचना सोयीची नाही; तिथे वीज परत पाठवू शकणारा अॅक्टिव्ह फ्रंट एंड योग्य. पुरवठ्याचा दाबच तीन फेजमध्ये असमान असला किंवा त्यात आधीपासून पाचवा हार्मोनिक असला, तर वजाबाकी पूर्ण होत नाही. लहान ड्राइव्हना तर इतका ट्रान्सफॉर्मर परवडतच नाही. तिथे चोक, तयार फिल्टर किंवा ऑटोट्रान्सफॉर्मर हेच मार्ग. त्या वाटेवर डेरेक पेस यांचे बहुपल्स पद्धतींवरचे पुस्तक आणि आयआयटी दिल्लीचे प्रा. भीम सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेला बहुपल्स कन्व्हर्टरांचा सविस्तर आढावा, हे दोन भक्कम आधार आहेत.

तरीही शेकडो किलोवॅटपासून पुढच्या पंख्यांना, पंपांना आणि कॉम्प्रेसरना, एका दिशेने वर्षानुवर्षे चालणाऱ्या भाराला, मी बहु-वाइंडिंग ट्रान्सफॉर्मरच निवडीन. त्यात जुळणी सरकण्यासारखे काही नाही, कंट्रोल बिघडण्यासारखे काही नाही. जाळ्याची वारंवारता किंचित हलली तरी कोन हलत नाहीत. कॉइल ज्या लिंबवर आहे तिथेच राहते. चांगला बनवला, धूळ काढत राहिला आणि पंखे चालू ठेवले, तर सेलच्या दोन पिढ्या त्याच्यासमोर बदलून जातात.

पुस्तक वाचायला फुरिए किंवा मॅट्रिक्स यावे लागत नाहीत. फेझरची बेरीज कागदावर पट्टी आणि कोनमापकाने करता आली, की पुरे. आयटीआयचा वायरमन, डिप्लोमाचा विद्यार्थी, वाइंडिंग शॉपचा फोरमन, कारखान्याचा इलेक्ट्रिकल मॅनेजर या सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवले आहे. शब्द शॉपफ्लोअरवर चालतात तेच वापरले. लिंबला लिंबच म्हटले आहे.

वाचकांकडे एकच मागणे आहे. नवा ड्राइव्ह घेताना कारखान्यातल्या चाचणीला स्वतः जा आणि प्रत्येक सेकंडरीचे गुणोत्तर, कोन आणि इंपीडन्स वेगवेगळे मोजून टेस्ट रिपोर्टवर लिहून घ्या. वाइंडिंगचे ड्रॉइंग, कुठली जोडकॉइल कुठल्या लिंबवर आहे ते दाखवणारे, पैसे पूर्ण देण्याआधी मागून घ्या आणि त्याची एक प्रत पॅनेलच्या दारात ठेवा. ड्राइव्ह चालू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात हार्मोनिक मोजून तो कागदही त्याच्यासोबत जोडा. ट्रान्सफॉर्मर पंधरा-वीस वर्षांनी दुरुस्तीला निघेल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल. जो असेल त्याला हे तीन कागद लागतील.